झोपाळ्याची किल्ली

हे सांगायचं मी आजवर टाळत आलो. कुणी विचारलंच, तर "धाकटा भाऊ आजारी होता" एवढं म्हणून विषय बदलायचो. तो आजारी आहे हे तेव्हा मला पटलेलंच नव्हतं.

तिरुवैयारूला त्याचं घर. बायको गेल्यावर त्यानं व्हायोलिनच्या शिकवण्या सोडल्या आणि दिवसभर झोपाळ्यावर बसून राहू लागला. ना ताप, ना दुखणं. मी साठीतही रोज सूर्यनमस्कार घालणारा, तंजावरहून सायकलनं त्याच्याकडे जाणारा. माझ्या लेखी उत्साह म्हणजे घाम.

"ऊठ रे नवाबा, कालव्यापर्यंत तरी चल. म्हशीसुद्धा तुझ्याहून जास्त हिंडतात."

"त्यांची घरी कुणीतरी वाट बघतं, अण्णा," तो हसला. "पायांत जोर आहे. उठून जायचं कुठं, तेवढं सापडत नाही."

मला ते ढोंग वाटलं. एके दिवशी मी झोपाळा कड्यांवरून उतरवला, फळी आणि साखळ्या मागच्या खोलीत कोंडल्या आणि किल्ली खिशात घालून घरी आलो. बसायची जागाच गेली, की हिंडू लागेल.

आठवड्यानं गेलो, तर तो रिकाम्या कड्यांखाली, बरोबर झोपाळ्याच्या जागी, फरशीवर बसलेला. किल्लीचं नावही काढलं नाही. "कॉफी घेणार ना, अण्णा?" म्हणाला आणि भिंतीला धरून माझ्यासाठी उठला.

पुढच्या खेपेला किल्ली परत द्यायची ठरवून गेलो. वाटभर शब्द जुळवत होतो. समोर बसल्यावर मात्र, यंदा कालव्याला पाणी उशिरा आलं, एवढंच बोललो. कॉफी पिऊन सायकल काढली. पोंगलच्या सणाआधीच तो गेला.

आता माझीही बायको नाही. डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानानं तब्येत ठणठणीत. खरंच आहे, जिना मी अजून न थांबता चढतो. पण सकाळी जाग येते आणि ऊन पायथ्याशी येईपर्यंत मी पलंगावरच बसून असतो. मुलगी फोनवर ओरडते, "अप्पा, फिरायला जा!" जातो, म्हणतो.

किल्ली अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. वाटभर जुळवलेलं वाक्यही तसंच राहिलंय: चुकलो रे, तुला उठवायला नको होतं, तुझ्याशेजारी येऊन बसायला हवं होतं.