करदोड्याखालची खपली

पावसाळा सरत आला तेव्हा माझी पोस्टिंग ईशान्येतल्या एका डोंगरी चौकीवर झाली. बटालियनच्या मुख्यालयापासून ती दोन दिवसांच्या पायपिटीवर होती. जवान चाळीस, खेचरं सहा आणि मेडिकलचा म्हणून मी एकटा. रँक हवालदार, ट्रेड नर्सिंग असिस्टंट. डॉक्टर म्हणजे आरएमओ कॅप्टनसाहेब. ते खाली मुख्यालयात बसत. वर कोणाला ताप आला, जुलाब झाले, पाय मुरगळला, की ते सगळं माझ्याकडं.

रिटायर होऊन मी मंगरूळपीर तालुक्यातल्या माझ्या गावी आलो. तेव्हापासून लोक चहाच्या टपरीवर एकच विचारतात, "फौजी, किती मारले?" अरे बाप्पा, एक तरी वेगळा प्रश्न विचारा. मी सर्व्हिसमध्ये एकदाही माणसावर गोळी झाडली नाही. तरी माझ्या हातून एक माणूस गेला, आणि तो आपल्याच जिल्ह्यातला होता. हे सांगितलं की टपरीवाले विषय बदलतात, म्हणून आता लिहून काढतो.

ट्रेनिंगला आमचे उस्ताद एक सुभेदार होते. त्यांनी शरीराच्या सहा खोल्या पाडल्या होत्या आणि कोणत्या खोलीत कोणते जंतू उतरतात ते आमच्याकडून घोकून घेतलं होतं. डोक्यात मेनिंगोकॉकस, मान ताठते, उजेड सोसत नाही. छातीत न्यूमोकॉकस आणि टीबी. पोटात टायफॉइड, कॉलरा, अमीबा. लघवीच्या मार्गात ई. कोलाय. कातडीवर स्टॅफ, गजकर्ण, खरूज. रक्तात मलेरिया आणि डेंग्यू. परीक्षेत माझा पहिला नंबर आला. शेवटच्या दिवशी उस्ताद म्हणाले, "कुछ बीमारियाँ एक कमरे में नहीं रहतीं. बुखार का कारण न मिले तो कपडे उतरवाओ. लंगोट तक. धागा हो तो धागा भी हटाओ." आम्ही हसलो. उस्ताद हसले नाहीत.

चौकीवर माझ्या आधीपासून सिपाही रामेश्वर घुगे होता. आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावकडचा. वय तेवीस. मी पोचलो त्याच दिवशी तो तंबूत आला आणि माझी पेटी स्वतः आत ठेवली.

"भाऊ, वाशीमचे ना तुमी? बोलीवरूनच वयखलं. दीड वर्ष झालं, आपल्याकडचं मानूस नाई भेटलं मले."

फौजेत एका भागातल्या दोन माणसांना ग्राईं म्हणतात. ग्राईं भेटला की जवान अर्धा घरी पोचतो. रामेश्वर रोज संध्याकाळी येऊन बसायचा. सोयाबीनचं काय, तुरीचं काय, मालेगावच्या स्टँडवर आता कोणाचं हॉटेल आहे. मीही बोलायचो. पंधरा दिवसांत कंपनीत मस्करी सुरू झाली: एक वाशीमवाला दवा देतो, दुसरा आराम खातो. त्यानं तोवर एक दिवसही आराम घेतला नव्हता. पण ती मस्करी मला झोंबली. मी मनात ठरवून टाकलं की याला माझ्याकडून काडीचीही सवलत मिळणार नाही.

सप्टेंबरमध्ये चौकीभोवतीचं गवत कापायचा हुकूम निघाला. फायरिंगला समोरचं दिसायला हवं म्हणून. गवत छातीएवढं. रामेश्वर कापणीच्या पार्टीत चार दिवस होता. गडी कापण्यात पटाईत, इतर तिघांचं काम एकटा उरकायचा. दुपारी त्याच गवतावर आडवा व्हायचा.

दहा-बारा दिवसांनी त्याला ताप भरला. हे मला नंतर कळलं. पहिले पाच दिवस त्यानं कोणाला सांगितलंच नाही. स्वतःजवळच्या गोळ्या खात राहिला, कारण लोक आराम खातो म्हणाले असते.

सिक रिपोर्टची वेळ सकाळी साडेसहा. आजारी जवान रांगेत उभे राहतात. मी तपासतो आणि वहीत नाव, तक्रार आणि निकाल लिहितो. निकाल बहुतेक वेळा दोनच अक्षरांचा: एम अँड डी. मेडिसिन अँड ड्युटी. गोळी घे आणि कामावर जा. सोमवारी रामेश्वर रांगेत होता. ताप एकशे एक.

"भाऊ, डोकं फुटून राह्यलं."

"सीधे खडे रहो. इथं भाऊ नाही. हवालदार म्हण."

त्याचं तोंड एवढंसं झालं. "जी, हवालदारसाब," म्हणाला. मी दोन पॅरासिटामॉल दिल्या आणि एम अँड डी लिहिलं.

मंगळवारी ताप एकशे दोन. मलेरियाची किट लावली, निगेटिव्ह. मान वाकत होती. छाती साफ. डोळे लाल. मी म्हटलं, झोप इथं, पोट बघतो. त्यानं शर्ट वर केला, पँटचं बटण सोडलं. कमरेला काळा करदोडा होता. चांगला जाड, पीळ दिलेला, त्यात तांब्याचा ताईत. माझा हात तिथं जाताच त्यानं दोऱ्यावर पंजा ठेवला.

"मायनं बांधेल हाये, साब. त्याले नका लागू."

मी हात मागे घेतला.

आता हे मला नीट सांगू द्या. मी बौद्ध. छप्पन साली आमच्या आजोबानं दीक्षा घेतली आणि घरातले गंडेदोरे तोडून टाकले. आमच्या कमरेला तेव्हापासून दोरा नाही. पण दुसऱ्याच्या दोऱ्याला आपला हात लागू नये, ही जी धास्ती आजोबाच्याही आधीपासूनची होती, ती काही तुटली नव्हती. लहानपणी गावात एका पाटलाच्या पोराचा करदोडा खेळता खेळता माझ्या हातात आला होता, तेव्हा त्याच्या आजीनं जे तोंड सोडलं ते मला अजून पाठ आहे. फौजेत जात नसते म्हणतात. एका लंगरचं जेवण, एका तंबूत झोप, हे खरंच आहे. पण त्या सकाळी रामेश्वरनं काही जातीवरून हात झाकला नव्हता. त्याला फक्त आई आठवली होती. जात आठवली ती मला.

पंजाबी असता, तमिळ असता, तर मी म्हटलं असतं, हटाओ हाथ. आणि दोरा दोन बोटं वर सरकवला असता. पण हा माझ्याकडचा होता. मला माहीत होतं तो दोरा काय असतो, कोण बांधतं, कोणाचा हात लागलेला चालत नाही. मला फार माहीत होतं, हीच तर चूक. मी पोट वरवर दाबलं आणि पुन्हा एम अँड डी लिहिलं.

बुधवारी तो रांगेत आलाच नाही. सकाळी सातला पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघाली. त्यात त्याचं नाव होतं आणि तो गेला. मी त्याला तंबूच्या दारातून पाहिलं. पाठीवर पिठ्ठू, चाल जरा ढिली. मला वाटलं, बरं वाटत असेल.

अकरा चाळीसला रेडिओ बोलला.

"एक जवान गिर गया है. होश में नहीं. ओव्हर."

"नाम? ओव्हर."

"घुगे. साँस बहुत तेज. उल्टा-सीधा बोल रहा है. ओव्हर."

"पानी मत पिलाना. करवट पे लिटाओ. मैं आ रहा हूँ. आउट."

मी पेटी आणि चार गडी घेऊन पळालो. तासाभरात गाठलं. श्वास मिनिटाला चाळीस, बीपी लागत नव्हतं, ओठ निळे. सलाईन लावलं. त्याला स्ट्रेचरवर चौकीत आणेपर्यंत साडेतीन झाले. चौकीच्या कमांडर साहेबांनी हेलिकॉप्टर मागितलं. उत्तर आलं, ढग आहेत, स्टँडबाय. खालून आरएमओ साहेब रेडिओवर आले.

"हवालदार, एस्कार देखा? पूरे शरीर पे? ओव्हर."

एस्कार म्हणजे काळी खपली. मी कात्री घेतली आणि त्याचे सगळे कपडे कापले. काख, जांघ, गुडघ्याच्या मागे. काही नाही. मग करदोडा सरकवला. दोऱ्याच्या बरोबर खाली, मसुराच्या दाण्याएवढी काळी खपली, भोवती लाल कडं. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणूस सांगतही नाही. स्क्रब टायफस. गवतातल्या किड्याचं पिल्लू, डोळ्याला दिसत नाही, कपडा किंवा दोरा जिथं आवळून बसतो तिथं चावतं. तिथून जंतू रक्तात, रक्तातून छातीत, मेंदूत, किडनीत. उस्तादांच्या सगळ्या खोल्या एकदम.

त्यावर डॉक्सिसायक्लिन चालतं. साधी कॅप्सूल. माझ्या पेटीत तिच्या सहा पट्ट्या होत्या. सोमवारी होत्या, मंगळवारीही होत्या.

नळीतून औषध पोटात दिलं. आरएमओ साहेब रेडिओवर सांगत गेले ते सगळं केलं. पाचच्या सुमाराला तो थोडा शुद्धीवर आला. माझ्याकडं बघितलं.

"भाऊ, मालेगावची गाडी गेली काय?"

"नाई, अजून हाये. तू झोप."

पाच पंचवीसला श्वास थांबला. मी चाळीस मिनिटं छाती दाबली. मग कमांडर साहेबांनी माझा खांदा धरून मला उठवलं. ढग दुसऱ्या दिवशी दहा वाजता हटले.

त्याच्या कागदावर बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईत कामी आला, असं लिहिता आलं नाही. तापानं गेला तर फिजिकल कॅज्युअल्टी. नियम आहे. मी नियमाला शिव्या देऊन पाहिल्या, काही फरक पडत नाही. त्याच्या गावानं पहिल्या दिवशी तिरंगा, फटाके, घोषणा असं सगळं केलं. गोळी लागली नव्हती हे कळल्यावर गावच्या कमानीवर शहीद म्हणून नाव टाकायचं राहून गेलं. मी तिथं गेलो तेव्हा सरपंच मला म्हणाला, "तापानं त इथंही मानसं मरते, फौजी." मी त्याची कॉलर धरली होती. लोकांनी सोडवलं. नंतर वाटलं, कॉलर धरायचीच तर कोणाची धरायला पाहिजे होती.

रिटायर झाल्यावर दरवर्षी सप्टेंबरात मी मालेगावची एसटी धरतो आणि त्याच्या आईकडं जातो. माय म्हणतो मी तिला. दरवर्षी ती चहा करते, त्याच्या फोटोला हळदकुंकू लावते आणि म्हणते, "तुमीच होते ना त्याच्यापाशी. बरं झालं, आपलं मानूस होतं." सहा वर्षं मी तो चहा प्यालो. प्रत्येक घोट विषासारखा. सहा वर्षं तोंड उघडलं नाही.

मागच्या वर्षी तिच्या गल्लीत एक बाई तापानं फणफणलेली. मला बोलावलं. कानामागं केसांत खपली सापडली. दवाखान्यात धाडली, डॉक्टरांनी तेच औषध दिलं, चौथ्या दिवशी बाई चुलीपुढं. माय हे बघत होती. घरी आल्यावर तिनं विचारलं, "माह्या रामेश्वरले हेच झालं होतं काय?"

"हो, माय."

"मंग त्याची खपली कुठी होती?"

मी सांगितलं. सगळं. सोमवार, मंगळवार, दोरा, माझा मागे घेतलेला हात. तो का मागे घेतला तेही सांगितलं. वाटलं, आता ही मला हाकलून देईल. द्यावंच तिनं.

तिनं फोटोकडं बघितलं. मग म्हणाली, "मीच सांगतलं होतं त्याले. भरतीले गेला तवा. म्हटलं, कोन्या जातीचे लोक राह्यते तिथी, दोऱ्याले कोनाचा हात लागू देऊ नको." तिनं पदर तोंडात कोंबला. "माह्या लेकरानं आयकलं रे भाऊ. एरवी कवाच आयकत नव्हता."

मी तिचं सांत्वन केलं नाही. तिनं माझं केलं नाही. तसेच बसलो, गाडीची वेळ होईपर्यंत. निघताना ती म्हणाली, "येत जाजो." मी यंदाही गेलो.

कमानीवर नाव नाही, म्हणून इथं लिहितो. सिपाही रामेश्वर घुगे, राहणार मालेगाव तालुका, जिल्हा वाशीम. चौकीच्या सिक रिपोर्ट वहीत त्याच्या नावापुढं दोनदा माझ्या अक्षरात एम अँड डी लिहिलेलं आहे. औषध घे आणि कामावर जा. त्यानं औषध घेतलं आणि कामावर गेला.