तलवारबाज बाईची जादू

रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर फासे खुळखुळतात. माझी लेक मुक्ता आणि तिच्या तीन मैत्रिणी खेळायला बसतात. एकीने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं, असा तो खेळ. मुक्ता झाली आहे तलवारबाज बाई, आणि या बाईला जादूही येते.

गोष्ट सांगणारी गार्गी मोठी कडक. "जादू कुठून आली ते आधी सांग, मगच फासा टाक."

चहा गाळता गाळता मी थांबले. खरंच, कुठून आली असेल? लढाया सोडून पोथ्या वाचायला हिला सवड कधी मिळाली? देवाने वर दिला म्हणावं, तर ही कुणापुढे हात जोडणाऱ्यांतली दिसत नाही. पण कणीक किती सैल हवी, हे तरी माझ्या बोटांना कुणी सांगितलं होतं?

मुक्ता म्हणाली, "ती गुरुकुलाच्या दारावर पहारा द्यायची. आत मंत्र शिकवायचे. हिला कुणीच शिकवलं नाही, ऐकून ऐकून आले."

"बरं. मग म्हण मंत्र."

मी आतल्या खोलीत गाणं शिकवते. मुक्ता दोन महिन्यांत कंटाळून उठली ती पुन्हा बसली नाही. तेव्हापासून बाहेर दाराशी बसून शाळेचा अभ्यास करते.

डोळे मिटून ती गुणगुणली. माझाच भूप होता, धैवत अगदी जागेवर.

फाशावर किती पडले, ते मी पाहिलंच नाही.