लाल चिठ्ठी नसलेला फळा

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. बायको वारली — तिलेबी नाही. तुमच्यापाशी काहून सांगून राहिलो, ते मलेबी ठाऊक नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. पण तुमसरकडच्या एका मोठ्या कारखान्यात मुकादम होतो, आन् माझ्या शब्दाबाहेर कोणी जात नव्हतं. तेवढीच माझी कमाई. माजबी तिचाच.

मग पुण्याच्या हापिसातून कॉम्प्युटरवाली पोरं आली. पोती वाहणारा पट्टा आता कॉम्प्युटरवरून चालणार होता. त्यांची रीत अशी — प्रोग्राम एकदम पुरा बनवायचा नाही. थोडा बनवायचा, आमच्या हाती द्यायचा, काय चुकलं ते आमच्याकडून समजून घ्यायचं, मग पुढचा तुकडा. रोज सकाळी सगळ्यांनी फळ्यापुढं उभं राहायचं. झाल्या कामाची हिरवी चिठ्ठी, अडल्या कामाची लाल. रीत चांगली होती. मग बिघडवली कोणी?

कारखान्याचे साहेब फळे पाहत फिरत. जिथं लाल जास्त, तिथल्या मुकादमाले सगळ्यांसमोर झापत. म्हणून रोज आधी मीच बोलायचो — "आपलं काही अडलं नाही." म्हाताऱ्यानं बोलल्यावर आपल्याकडं कोण तोंड उघडते?

एकानं उघडलं. सुधाकरनं, माझ्या जावयानं. मीच त्याले एकोडीहून आणून कामाले लावलं होतं. त्या दिवशी त्यानं फळ्याखालच्या डब्यातून लाल चिठ्ठी उचलली. "मामाजी, बंद केलेला पट्टा मधातच आपोआप सुरू होऊन राहिला. पोरांले सांगाले पाहिजे."

पुण्याचे मोठे साहेब त्याच दिवशी पाहाले येणार होते. मी म्हटलं, "जावईबापू, पट्टा तुमच्यावानीच निघाला म्हणा. कोणी न सांगता सुरू होते."

सगळे हसले. त्यानं चिठ्ठी डब्यात परत ठेवली.

दुपारी पोतं अडकलं. पुण्याचे साहेब समोर उभे. सुधाकर म्हणाला, मेन स्विच बंद करून येतो. आन् मी — मी काय म्हटलं? "कायले येळ दवडता? पट्टा बंदच आहे. घाला हात."

उजवा हात. कोपरापासून गेला.

चौकशीत कारखान्याच्या साहेबांनी मले विचारलं, यानं आधी काही सांगितलं होतं काय? तो दवाखान्यात होता. बाकीचे माझ्याकडं पाहत उभे होते. मी म्हटलं, "नाही साहेब. सांगितलं असतं तर फळ्यावर लाल चिठ्ठी असती." फळा तर साफ होता. निष्काळजीपणा त्याच्या नावावर लागला. नोकरीबी गेली.

बंद केलेला पट्टा आपोआप सुरू होते, हे त्या कॉम्प्युटरवाल्या पोरांले कधी समजलंच नाही. सांगणारा मी होतो. नाही सांगितलं.

तो आजबी दिवाळीले येते. माझ्या घरी पाटावर बसून डाव्या हातानं जेवते. पोरगी माझ्यासमोरच त्याले म्हणते, "लक्ष कुठं होतं तुमचं तवा?" तो ताटात पाहते. माझं नाव घेत नाही. अजूनबी घेतलं नाही.

मी तिले म्हणतो, "जावईबापूले भात वाढ."