कोंबड्यांसाठी चूल

पडेगावच्या घरी गॅस आला त्याच हिवाळ्यात अवकाळी पाऊस ठाण मांडून बसला. परसातल्या खुराड्यात नुसता चिखल. दरवर्षी मी तिथं चुलीतली राख पसरून जमीन कोरडी ठेवायचे. पण गॅस आला त्या दिवशी चूल मीच हौसेनं मोडून टाकली होती आणि शेजारणींकडंही आता राख उरली नव्हती. कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं. रोज चिखल खरडून खरडून माझी कंबर धरली. शेवटी ओसरीच्या कडेला तीन दगड मांडले आणि ओली लाकडं फुंकत बसले. धुरानं डोळे चुरचुरत होते. नवरा दारात येऊन म्हणाला, "मग गॅस कशाला घेतला?"

मी म्हटलं, "तुमच्यासाठी. कोंबड्यांना राख लागती."