आईच्या हातातला डमी फोन

आई स्क्रीनवर बोट घासत होती आणि ते दोघे हसत होते.

दोघे म्हणजे मोबाईलच्या दुकानातला मॅनेजर आणि बिलिंगवरची बाई. आवाज न करता, एकमेकांकडे बघत. आईनं बोट वर नेलं, खाली आणलं. चित्र हललं नाही. तिनं बोट पदराला पुसलं आणि पुन्हा घासलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "चालत नाय रं माझं बोट. रेशनवर बी उमटत नाय ते."

तिच्या हातात फोन नव्हता. डमी होता. दुकानात नुसता मांडून ठेवतात तो. आत काही नसलेला प्लॅस्टिकचा तुकडा, वर स्क्रीनचं छापील चित्र चिकटवलेलं.

मला ते बघताक्षणी कळलं होतं. मी गप्प उभा होतो.

माझी आई कंपनीच्या कँटीनमध्ये बावीस वर्षं भांडी घासत होती. वाळूजला. पावडरनं तिच्या बोटांवरच्या रेघा गेल्या. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा लागत नाही, दर महिन्याला तीन-चारदा दाबावा लागतो. म्हणून तिला वाटलं, चूक बोटाचीच. तिला असंच वाटतं नेहमी. कुठं काही अडलं की आधी स्वतःकडं बघते.

फोन तिच्यासाठीच घ्यायचा होता. तिची थोरली बहीण लासूर स्टेशनला अंथरुणाला खिळलेली. व्हिडिओ कॉल लावला की आईच्या लहान फोनवर मावशीचा चेहरा म्हणजे नुसता डाग दिसायचा. ती डोळ्याला फोन चिकटवायची, मग मावशीला हिचा नुसता कान दिसायचा. मी म्हटलं, चल, मोठ्या स्क्रीनचा घेऊ. तू स्वतः बघ, हाताळ, पसंत कर. हे मीच म्हटलं होतं. तिनं त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसली.

दुकानात शिरलो तेव्हा मॅनेजर मला सर म्हणत होता. चालू फोन माझ्या हातात दिला. डिस्प्ले बघा सर, अक्षरं मोठी करून बघा, आईंना आवडेल. आईही खुलली. मी कँटीनला होते, आता हा मला काम करू देत नाही, असं त्याला सांगत बसली. तेवढ्यात माझ्या टेंपोवाल्याचा फोन आला. मी उचलला आणि सवयीनं म्हणालो, "जयभीम, बोला."

एवढंच झालं.

बोलून फोन खिशात ठेवला तेव्हा चालू फोन काउंटरवर नव्हता. दुसऱ्या कस्टमरला दाखवायचा आहे, मॅनेजर म्हणाला. आमच्या शेजारी एक जोडपं उभं होतं, तो फोन त्यांच्या हातात होता. 'सर' म्हणणं गेलं. "बजेट किती तुझं?" असं विचारलं त्यानं मला. मी त्याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. आणि आईच्या हातात त्यानं तो डमी दिला. म्हणाला, "हा बघा आजी. चालवून बघा."

आई चालवून बघत होती.

आता माझं सांगतो. मी कंपन्यांमधून माल रचायची मोडकी लाकडी पॅलेट उचलतो, दुरुस्त करून पुन्हा विकतो. हमाली करत सुरुवात केली, आज बजाजनगरला स्वतःचं शेड आहे. माझा धंदा भावावर चालतो. समोरचा कुठं नरम आहे ते मला लांबून दिसतं. लहानपणी गावातला दुकानदार सामानाची पुडी माझ्या हातात द्यायचा नाही. ओट्यावर ठेवायचा, मी उचलायची. पैसेही ओट्यावरच. ती गोष्ट मी एकदा एका कंपनीच्या पर्चेसवाल्याला चहा पिताना सांगितली. तो ओशाळला. त्या दिवशी लॉटचा भाव मला पाहिजे तिथं आला. तेव्हापासून ती गोष्ट मी वापरतो. दुखतं ते खरंच. पण वापरतो.

तसंच त्या दुकानात. राग आला होता, डोकं फुटेल इतका आला होता. पण रागाच्या आत दुसराच माणूस जागा होता. तो म्हणत होता, थांब. अजून थोडं होऊ दे. जितकं जास्त होईल, तितका मालक वाकेल.

मॅनेजर आईला म्हणाला, "जरा जोर लावा आजी. भांडी घासल्यासारखं घासा."

आईनं जोर लावला.

तेव्हा मी काउंटरवर हात आपटला. मालक कुठं आहे, ॲट्रॉसिटी टाकतो, तुमच्याच कॅमेऱ्यात सगळं आलंय. ओरडणं मला चांगलं जमतं. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मालक धावत आला, मला काचेच्या केबिनमध्ये नेलं, खुर्ची दिली, चहा मागवला. साहेब म्हणाला. सॉरी म्हणाला. मला म्हणाला. मग बोलणं भावावर आलं. कसं आलं ते सांगायला नको, मीच आणलं. अडीच हजार सूट, वर कव्हर, काच आणि इयरफोन. बदल्यात मालकानं एकच मागितलं. इंटरनेटवर दुकानाला पाच स्टार द्या, आत्ता, इथंच. "स्टाफ नम्र आहे असं लिहा साहेब," म्हणाला. मी लिहिलं.

आई बाहेर स्टुलावर बसून होती. डमी मांडीवर तसाच. तिला कुणी पाणी विचारलं नाही. मीसुद्धा.

पिशवी घेऊन निघालो तेव्हा मॅनेजर बिलिंगवरच्या बाईला म्हणाला, "बघितलंस? एवढ्यासाठीच असतं यांचं सगळं."

मी ऐकलं. न ऐकल्यासारखं केलं. कारण माझ्यापुरतं ते खरं होतं. आणि माझ्यापायी ते त्यानं आमच्या सगळ्यांवर लावलं. जे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, गाव सोडतात पण मिटवत नाहीत, त्यांच्यावरसुद्धा. अडीच हजारात मी त्याच्या हातात पुरावा दिला होता.

शेडवर येऊन मी कामगारांना किस्सा सांगितला. मालकाचा चेहरा कसा पडला त्याची नक्कल केली. सगळे हसले. त्या किश्श्यात आई नव्हतीच. तिला मी वगळली होती.

फोन चार दिवस खोक्यातच राहिला. आई जुन्याच फोनवर मावशीशी बोलायची, डोळ्याला लावून. पाचव्या दिवशी मी चिडलो. एवढा महागाचा आणलाय, हात तरी लाव. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दुकानातलं ते खोटं हाय म्हणून तुला कवा कळलं व्हतं?"

खोटं बोलता आलं असतं. धंद्यात रोज बोलतो.

"लगेच," मी म्हणालो.

तिचे हात थांबले. म्हणाली, "म्हंजी मी घासतच व्हते की रं तवर." आणि मग, "त्यो हासला त्याचं मला नवल नाय. त्यो परका. तू काय बघत व्हतास?"

मी तिला कधीच सांगू शकणार नाही की मी भाव बघत होतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. एकटा. अडीच हजार काउंटरवर ठेवले, कव्हर, काच आणि इयरफोन ठेवले, पाच स्टार मालकासमोर काढून टाकले. म्हणालो, मॅनेजरला घेऊन माझ्या घरी या आणि आईची माफी मागा. मालक म्हणाला, आपलं तर मिटलं होतं ना? मी म्हणालो, "तुमचं-माझं मिटलं होतं. तिला कुणी विचारलंच नाही." मॅनेजर मागून म्हणाला, "यांना अजून पाहिजे असेल." आयुष्यात पहिल्यांदा मी अशा वेळी ओरडलो नाही. वाट बघितली. ते आले नाहीत. आठ दिवस आले नाहीत.

मग सूट परत केल्याचं सांगून आईला विचारलं, तक्रार करायची का? ती म्हणाली, "करायची. पन मी सांगन तसं लिवायचं. समदं."

कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून देणारे एक ओळखीचे काका आहेत. आई त्यांच्यासमोर बसून सांगत गेली. डमी, हसणं, भांड्यांचं बोलणं. शेवटी म्हणाली, "आन माझ्या पोराला ठावं व्हतं, तरी त्यो गप ऱ्हायला. मंग त्यानं पैशे कमी करून घेतले. ते बी लिवा."

काका माझ्याकडं वळले. म्हणाले, जातीचं नाव कुणी तोंडानं घेतलेलं नाही, म्हणजे अर्ज आधीच कच्चा. त्यात ही ओळ. पोलीस तुलाच उलटं विचारतील. पेपरात आलं तर लोक तुझ्यावर हसतील. काढू का?

आई माझ्याकडं बघत नव्हती. रस्त्याकडं बघत होती.

"ठेवा," मी म्हणालो.

पोलीस ठाण्यात अर्ज देऊन तीन आठवडे झाले. अजून कुणी बोलावलेलं नाही, आम्ही दर सोमवारी जाऊन विचारतो. शेडवर ती ओळ सगळ्यांना कळली आहे. दोन जुन्या ओळखीच्यांनी बोलणं सोडलं. एकानं तोंडावर विचारलं, आईला विकली का रे? मी होय म्हणालो.

दुकानातून दोनदा फोन आला. बसून मिटवू म्हणतात. रक्कम तुम्हीच सांगा म्हणतात. मी आईचा नंबर दिला आणि सांगितलं, तिच्याशी बोला. ती मिटवणार नाही. आणि तिच्या वतीनं मी आता काहीही मिटवणार नाही.