काकवी, लिंबू आणि जमैकाची पांढरी रम

माझा धाकटा भाऊ जहाजावर फिटर होता. अंथुर्ण्याच्या माझ्या माहेरच्या घरात समुद्र पाहिलेला तो पहिलाच. नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात तो सुट्टीवर आला आणि वालचंदनगरला आमच्या क्वार्टरवर मुक्कामाला राहिला. माझे मिस्टर तिथं वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होते. त्यांच्यासाठी भावानं जमैकाच्या रमची बाटली आणली होती, टॉवेलात गुंडाळून.

रम पाण्यासारखी पांढरी होती. मिस्टरांनी बाटली उजेडात धरून पाहिली. "रम काळी असती. हे स्पिरिट तर न्हाय ना?"

"दाजी, दमानं घ्या," भाऊ म्हणाला. "त्रेसष्ट टक्के हाय. आपल्या रमच्या दीडपट."

रविवारची दुपार होती, शेजारी कुणी नव्हतं, आणि मिस्टरांना मेव्हण्यासमोर दमानं घेणं कमीपणाचं वाटलं असावं. त्यांनी पेल्यात ओतली आणि एका घोटात संपवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि एक हात माठाकडं दाखवत होता. मी पाणी आणलं, पण हसू आवरेना, त्यामुळं अर्धं तांब्यात राहिलं, अर्धं फरशीवर सांडलं.

भाऊ म्हणाला, "आता खरी पद्धत बघा." त्यानं पेल्यात थोडीशी ओतली, चमचाभर पाणी घातलं आणि पेला माझ्याकडं सरकवला. "आक्का, नुसता वास घे. नाक लांब ठेव."

मी तोवर दारूला तोंड लावलं नव्हतं. पण त्या वासानं मला चकित केलं. आधी अती पिकलेलं केळं, मग अननस, आणि त्याच्याखाली साखर कारखान्याच्या मळीचा वास, सिझनमध्ये आमच्या अख्ख्या कॉलनीवर असतो तसा. शेवटी नव्या कपाटाच्या व्हार्निशसारखं काहीतरी. मी जिभेवर थेंबभर घेतली. जीभ पेटली, पण ती आग विझल्यावर तोंडात केळ्याची गोडी राहिली.

"हे असं कुणी पीत न्हाय," मी म्हणाले. "ह्यात काय घालतात?"

भावानं तिकडच्या बंदरातली रीत सांगितली. आंबट थोडं, गोड त्याहून जास्त, रम त्याहून जास्त आणि पाणी सगळ्यात जास्त. वरून किसलेलं जायफळ. गोडाला ते लोक साखरेचा पाक घेतात. माझ्याकडं काकवी होती. ती तशीच घातली तर तळाला जाऊन बसली, म्हणून दुसऱ्या खेपेला कोमट पाण्यात विरघळवून घेतली. लिंबू पिळलं, आल्याचा रस घातला, फ्रिजमधला बर्फ फोडून टाकला, आणि श्रीखंडासाठी ठेवलेलं जायफळ वरून किसलं. मिस्टरांनी घाबरतच चव घेतली आणि पेला खाली ठेवलाच नाही.

मी माझ्यासाठी थोडं ओतलं आणि दारात आबा उभे राहिले. आबा म्हणजे माझे सासरे. तरुणपणी मेंढरं राखलेली, नंतर सांगवीत ऊस केला. बोलणं अगदी मोजकं. न कळवता एस्टीनं आले होते, खांद्यावर मेथीची पिशवी, नाक सर्दीनं लाल. मी पेला घाईघाईनं ओट्यावर पातेल्याआड ठेवला.

आबांनी वास घेतला. सर्दीतही त्यांना तो आला. "गुऱ्हाळ लावलंय का काय हितं?"

मिस्टर खाली बघायला लागले. भावानंच धीर केला. "आबा, लांबची दारू हाय. तिकडं सर्दी झाली की कपाळाला चोळत्यात."

"बघू."

भावानं ओंजळीत थोडी दिली. आबांनी कपाळाला चोळली, छातीला चोळली, हात नाकाशी नेला आणि खुर्चीत बसले. "आता प्यायची कशी ते सांगा."

मी त्यांना पेला करून दिला. त्यांनी सावकाश घोट घेतला, डोळे मिटले. "ब्येस हाय," म्हणाले. मग ओट्याकडं पाहिलं. "सूनबाई, तुझा पेला त्या पातेल्यामागं हाय न्हवं? घे की. केलंयस तू, आन् तूच उभी?"

मी लाजून लाल झाले. पण खुर्ची ओढून बसले. सासऱ्यांसमोर खुर्चीवर बसण्याचीही ती माझी पहिलीच वेळ होती. आबा त्या दुपारी माळरानावरच्या रात्रींबद्दल बोलले, लांडग्याबद्दल बोलले, लग्नाआधी सासूबाईंना चोरून पाहायला गेले होते तेही बोलले. मिस्टर तोंड उघडं टाकून ऐकत होते. त्यांनी बापाला इतकं बोलताना कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निघताना आबा मला हळूच म्हणाले, "घरी सांगू नकोस."

पंधरवड्यानं सासूबाई आल्या. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग पदर सारखा करत त्यांनी विचारलं, "ते सरबत कसलं गं? ह्यांनी घरी येऊन मला लग्नाआधीचं सगळं सांगितलं. इतकी वर्षं गप्प होतं माणूस."

मी बाटली काढली. त्यांच्यासाठी अगदी हलकं केलं, बर्फ जास्त घातला. त्यांनी दोन घोट घेतले, ओठ पुसले आणि थोडा विचार केला.

"लिंबू कमी पडलंय," त्या म्हणाल्या.

मी चाखून पाहिलं. खरंच कमी होतं.