काकूचं करडू

लातूरला आमच्या समोरच्या बाई कुत्रीला फ्रॉक घालतात. काल मी त्यांची बेल वाजवली, तशी आतून हाक आली, "बेबी, बघ कोण आलंय!" आणि गळ्यातली घुंगरं वाजवत ती दाराशी धावली. हसू यायला हवं होतं. मी हात पाठीमागं घेतले.

शिरूर अनंतपाळच्या माझ्या काकूला मूलबाळ नव्हतं. तिनं शेळीचं एक करडू वाढवलं होतं. त्याला न्हाऊ घालून कपाळाला विभूती लावायची, गळ्यात घुंगरं बांधायची. दार वाजलं की चुलीपासूनच ओरडायची, "बाळा, बघ बरं कोण आलंय!" बाळ धावत जायचं, येईल त्याचा हात चाटायचं.

लातूरचा नवा जिल्हा झाला आणि पुढच्याच उन्हाळ्यात आड आटला. पाला कुठंच उरला नाही. काकू आपल्या ताटातली भाकरी त्याला चारायची, घागरीतलं पाणी आधी त्याला पाजायची. काका चिडायचे. "माणसं तहानेनं मरायलीत, अन् हिचे लाड सरंना गेले." शेवटी त्यांनी तिला न सांगता खाटकाला निरोप धाडला.

दुपारी दार वाजलं. मी चुलीपाशीच बसले होते. भाकरी थापता थापता, मान वर न करता काकूनं हाक दिली, "बाळा, बघ बरं कोण आलंय!"

घुंगरं वाजत दारापर्यंत गेली. खाटकाला दोरी लागलीच नाही. त्याचा हात चाटत करडू त्याच्या मागं निघून गेलं.

काकू पुढं पुष्कळ वर्षं जगली. दार वाजलं की तव्यावरची भाकरी जळू द्यायची, पण स्वतः उठून जायची.